माजी कॉलेज खेळाडू, किरकोळ गुन्हे आणि अमेरिकी माध्यमं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा हंगाम ऑगस्टअखेर सुरू होतो आणि जानेवारीत संपतो. उरलेल्या महिन्यांत क्रीडापानाचं पोट भरायला काहीतरी लागतंच, आणि त्यात अटकेच्या बातम्यांचा वाटा मोठा असतो. ‘अमुक विद्यापीठाचा माजी स्टार पोलिसांच्या ताब्यात’ हा मथळा पाहून तिकडे राहणारे मराठी वाचक आणि मुलांना तिकडे शिकायला पाठवलेले आईवडील जे प्रश्न विचारतात, ते इथे घेतले आहेत. फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकी फुटबॉल, लंबगोल चेंडूचा.

कॉलेज सोडून वर्षं झाली तरी दारू पिऊन गाडी चालवल्याची बातमी का होते?

कारण तिकडच्या कित्येक गावांत कॉलेजचा संघ हाच गावाचा संघ असतो. टस्कलूसा, टॅलाहासी, लिंकन इथे व्यावसायिक फुटबॉल संघ नाही. अॅन आर्बरच्या मिशिगन स्टेडियममध्ये एक लाख सात हजारांवर माणसं बसतात. आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या गावाची तेवढी वस्ती नसते. स्थानिक वृत्तपत्रात या एका संघासाठी वेगळा बातमीदार नेमलेला असतो. मुलगा सतरा वर्षांचा असल्यापासून, तो कुठल्या कॉलेजात जाणार इथपासून, त्याच्या नावाच्या बातम्या छापून आलेल्या असतात. मग शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या) पोलीसप्रमुखाच्या, अटकेच्या यादीत ते नाव दिसलं की बातमीदाराला वेगळा शोध घ्यावा लागत नाही. जुनी माहिती, जुने फोटो, आकडेवारी, सगळं हाताशी तयार असतं.

‘माजी’ हे बिरुद मात्र कधीच उतरत नाही. टॉड मॅरिनोविच हा सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, १९९० साली कॉलेजातला शेवटचा सामना खेळला. ऑगस्ट २०१६ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, अर्व्हाइन शहरात एका अनोळखी घराच्या मागच्या अंगणात तो विवस्त्र अवस्थेत, अमली पदार्थांसह सापडला. पंचवीस वर्षं उलटली होती, व्यसनाशी त्याची झुंज जगजाहीर होती, तरी मथळ्यात विद्यापीठाचं नाव होतंच.

‘किरकोळ’ म्हणजे नेमकं किती किरकोळ?

अमेरिकी कायद्यात गुन्ह्यांचे ढोबळ दोन भाग: गंभीर ते फेलनी, हलके ते मिस्डिमीनर. बहुतेक राज्यांत मिस्डिमीनरची कमाल शिक्षा एक वर्षापर्यंतची, आणि तीही काउंटीच्या तुरुंगात. खोटं ओळखपत्र, सार्वजनिक ठिकाणी दंगा, दुकानातली छोटी चोरी, पहिल्यांदा दारू पिऊन गाडी चालवणं हे साधारणपणे यात येतं. त्याखाली सायटेशन, म्हणजे हातात पावती आणि काही तास समाजसेवा.

एक सावधगिरी इथेच. घरातल्या मारहाणीचे काही गुन्हेही मिस्डिमीनर म्हणूनच नोंदले जातात. कलम छोटं असलं म्हणून मार खाणाऱ्या बाईला ते छोटं नसतं. त्यामुळे ‘किरकोळ गुन्ह्यावरून बिचाऱ्याला छळलं’ असं कोणी म्हणालं, तर आधी गुन्हा कुठला ते विचारावं.

खेकड्यांचं ते प्रकरण काय होतं?

हा प्रश्न न चुकता येतो, म्हणून जरा विस्ताराने.

जेमिस विन्स्टन हा फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा क्वार्टरबॅक. २०१३ ची हाइझमन ट्रॉफी त्याची, म्हणजे त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम कॉलेज फुटबॉल खेळाडू. एप्रिल २०१४ च्या अखेरीस टॅलाहासीतल्या पब्लिक्स या किराणा दुकानातून खेकड्याचे पाय आणि क्रॉफिश घेऊन तो पैसे न देता बाहेर पडला. मालाची किंमत ३२ डॉलर ७२ सेंट. पैसे द्यायचे विसरलो, असं तेव्हा त्याचं म्हणणं. वर्षभराने एका क्रीडावाहिनीवरच्या मुलाखतीत त्याने वेगळंच सांगितलं: दुकानातल्याच एकाने ते फुकट दिले होते.

त्याला अटक झाली नाही. फौजदारी खटलाही नाही. सिव्हिल सायटेशन मिळालं, वीस तासांची समाजसेवा झाली, आणि तो बेसबॉलही खेळायचा, त्या संघातून काही दिवस निलंबन झालं. कायद्याच्या बाजूने विषय तिथेच मिटला. माध्यमांत तो मिटला नाही. ३२ डॉलर ७२ सेंट हा आकडा त्याच्या पासेसच्या आकडेवारीइतका तोंडपाठ झाला. पुढच्या वर्षी टँपा बे या व्यावसायिक संघाने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या क्रमांकावर निवडलं, तरी खेकड्यांचे विनोद चालूच राहिले.

याच शहरात पंधरा वर्षं आधी असंच घडलं होतं. १९९९ मध्ये फ्लोरिडा स्टेटच्याच पीटर वॉरिक आणि लॅव्हरेनियस कोल्स या खेळाडूंनी डिलर्ड्स या दुकानातून सुमारे ४१२ डॉलरचे कपडे २१ डॉलरांत घेतले. गल्ल्यावरची व्यक्ती ओळखीची होती. फ्लोरिडात तेव्हा तीनशे डॉलरच्या वर चोरी गेली की ती फेलनी, म्हणून सुरुवातीला आरोप जड लागला; पुढे तो मिस्डिमीनरवर आला. कोल्सला संघातून काढलं. वॉरिक दोन सामने बसला, हाइझमनच्या शर्यतीतून बाहेर गेला, आणि जानेवारी २००० मध्ये शुगर बोल या हंगामाअखेरच्या मोठ्या सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच्याबद्दल आजही कुणी लिहायला बसलं की दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात ते २१ डॉलर येतातच.

दोन्ही प्रकरणांत किंमत आहे, दुकानाचं नाव आहे, आणि ऐकणाऱ्याला हसू येईल असं काहीतरी आहे. छोटा गुन्हा बातमीला फार सोयीचा असतो. त्याला तपास लागत नाही, वकिलाचा सल्ला लागत नाही, मथळा आपोआप सुचतो.

मग मोठ्या प्रकरणांत हीच माध्यमं इतकी तत्पर असतात का?

नाही, आणि खरी तक्रार हीच आहे. विन्स्टनचंच बघा. डिसेंबर २०१२ मध्ये एका विद्यार्थिनीने बलात्काराची तक्रार केली होती. ती जगासमोर आली नोव्हेंबर २०१३ मध्ये, जवळजवळ वर्षभराने. जे घडलं ते संमतीने, असं विन्स्टनचं म्हणणं होतं. डिसेंबर २०१३ मध्ये सरकारी वकिलांनी आरोप ठेवण्यास नकार दिला. पोलिसांचा तपास किती ढिसाळ होता हे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एप्रिल २०१४ च्या मध्यावर सविस्तर छापलं. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत खेकडे आले. पुढे २०१६ मध्ये विद्यापीठाने त्या विद्यार्थिनीशी साडेनऊ लाख डॉलरची तडजोड केली, आणि वर्षअखेर विन्स्टन व तिच्यातले दिवाणी दावेही तडजोडीने मिटले. त्याच्यावर फौजदारी आरोप कधीच लागला नाही, हे स्पष्ट लिहायलाच हवं. पण ३२ डॉलरच्या मालावर गावभर चर्चा आणि तपासातल्या त्रुटींवर त्याच गावात वर्षभर शांतता, ही विभागणी ‘आम्ही सगळं निर्भीडपणे छापतो’ म्हणणाऱ्यांना शोभत नाही.

अपवाद आहेत. मार्च २०११ मध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ आणि सीबीएस न्यूज यांनी आघाडीच्या पंचवीस संघांतल्या २,८३७ खेळाडूंच्या पोलीस नोंदी तपासल्या. २०४ जणांच्या, म्हणजे सुमारे सात टक्क्यांच्या, नावावर काही ना काही नोंद निघाली. असं काम वेळखाऊ आणि महागडं. त्याच काळात अटकांवर गुण देऊन वर्षाचा ‘विजेता’ ठरवणारी फुल्मर कप नावाची थट्टाही इंटरनेटवर चालायची, टेनेसी विद्यापीठाचे एकेकाळचे प्रशिक्षक फिलिप फुल्मर यांच्या नावाने. वाचताना मजा यायची हे खरं. पण त्या तक्त्यात एखाद्याचा अर्ध्या रात्रीचा मूर्खपणा आणि कुणाच्या तरी जिवावर बेतलेली गोष्ट एकाच बेरजेत जायची.

अटक म्हणजे दोषी ठरणं का?

नाही.

जरा पुढे: अटक, नोंद, फोटो, आरोपपत्र, पहिली हजेरी, मग बहुतेक वेळा वकिलांत सौदा. जॉनी मॅन्झेल या क्वार्टरबॅकला जून २०१२ मध्ये कॉलेज स्टेशनमध्ये एका मध्यरात्रीच्या भांडणानंतर पकडलं. तेव्हा टेक्सस ए अँड एम या त्याच्या विद्यापीठाबाहेर त्याला कुणी ओळखत नव्हतं. हाइझमन त्याला त्याच वर्षाच्या शेवटी मिळाली. दंगा, पोलिसांना खरी ओळख न सांगणं आणि खोटं ओळखपत्र, असे तीन आरोप होते. जुलै २०१३ मध्ये त्याने ओळख न सांगितल्याचा एक गुन्हा कबूल केला, बाकी दोन मागे घेतले गेले. पण दगडावर कोरल्यासारखं लोकांच्या डोक्यात राहिलं ते पहिल्या रात्रीचंच, उघड्या अंगाचा मगशॉट, म्हणजे अटकेनंतर पोलिसांनी काढलेला फोटो.

खटल्याचा शेवट बातमीत का येत नाही?

कारण सुरुवात आयती मिळते आणि शेवट शोधावा लागतो.

शेरीफच्या कार्यालयाची ताब्यात घेतलेल्यांची यादी रोज संकेतस्थळावर येते: नाव, वय, आरोप, जामिनाची रक्कम, फोटो. बातमीदार सकाळी चहा पिता पिता ती चाळतो. खटला मागे घेतला गेला तर असं काही होत नाही. पत्रक निघत नाही, फोटो निघत नाही. सहा-आठ महिन्यांनी न्यायालयाच्या दप्तरात एक ओळ चढते. तोवर नवा हंगाम सुरू झालेला असतो आणि बातमीदार नव्या क्वार्टरबॅकच्या गुडघ्यावर लिहीत असतो.

त्यात किरकोळ गुन्ह्यांसाठी डायव्हर्जन नावाची सोय असते. समुपदेशन, समाजसेवा, ठरावीक काळ नीट वागणं, हे पार पाडलं की आरोप रद्द. मॅन्झेलचं दुसरं प्रकरण बरंच गंभीर होतं. २०१६ मध्ये डॅलसमध्ये त्याच्यावर तेव्हाच्या मैत्रिणीला मारहाण केल्याचा मिस्डिमीनर आरोप लागला. डिसेंबरात तडजोड झाली, आणि अटी पूर्ण झाल्यावर नोव्हेंबर २०१७ मध्ये खटला रद्द झाला. त्याचं नाव मोठं, म्हणून तेवढी तरी बातमी आली. राखीव फळीत दोन वर्षं बसलेल्या पोराच्या वाट्याला तेवढंही येत नाही. अटक झाली तेव्हा तो ‘माजी खेळाडू’ म्हणून मथळ्यात असतो, सुटतो तेव्हा कुणीच नसतो.

माझ्या मते या विषयात सगळ्यात स्वस्त सुधारणा हीच: अटकेची बातमी छापली की तिच्या निकालाची तारीख संपादकाच्या वहीत जायला हवी. ज्याला तेवढं जमत नसेल त्याने पहिली बातमीही सोडून द्यावी.

फोटो छापायला परवानगी कशी असते? आपल्याकडे तर आरोपींच्या तोंडावर बुरखा असतो.

आपल्याकडे ओळख परेड बाकी असते म्हणून पोलीस चेहरा झाकतात. अमेरिकेत हे राज्यागणिक बदलतं. फ्लोरिडात सरकारी कागदपत्रं जनतेसाठी खुली ठेवण्याचा कायदा फार व्यापक आहे, आणि मगशॉट सर्रास मिळतात. ‘फ्लोरिडातच इतके विचित्र गुन्हे का?’ या प्रश्नाचं निम्मं उत्तर हेच: तिथले कागद मिळतात. कॅलिफोर्नियाने उलट दिशा धरली. २०२२ पासून अहिंसक गुन्ह्यांतल्या संशयितांचे मगशॉट पोलिसांनी समाजमाध्यमांवर टाकू नयेत असा कायदा तिथे लागू झाला.

फोटो कुठला, यावरही खूप काही ठरतं. मार्च २०१५ मध्ये आयोवातल्या एका दैनिकाने घरफोडीच्या आरोपातल्या गोऱ्या कॉलेज कुस्तीपटूंचे कोट-टायमधले विद्यापीठाचे फोटो वापरले, आणि दुसऱ्या घरफोडीतल्या कृष्णवर्णीय आरोपींचे मगशॉट. गहजब झाला. खुलासा असा आला की एका पोलीस खात्याने फोटो स्वतःहून दिले होते, दुसऱ्याकडे मागावे लागत होते. खुलासा खरा मानला तरी, मागायचे कष्ट कुणासाठी घेतले नाहीत हा प्रश्न उरतोच.

ब्रॉक टर्नरचा गुन्हा किरकोळ नव्हताच, लैंगिक अत्याचाराच्या तीन आरोपांत तो दोषी ठरला. पण २०१६ मध्ये शिक्षा होईपर्यंत बातम्यांत त्याचा हसरा फोटो आणि ‘स्टॅनफर्डचा जलतरणपटू’ हीच ओळख चालली. मगशॉट शिक्षेनंतर बाहेर आला. तेव्हा खेळाडूपणाचं लेबल नेहमीच माणसाला बुडवतं असं नाही. कधी ते ढालीसारखं पुढेही येतं.

बातमीने बदनामी झाली तर दावा ठोकता येतो का?

ठोकता येतो, जिंकणं कठीण. पोलिसांच्या किंवा न्यायालयाच्या नोंदीचा अचूक गोषवारा दिला असेल तर वृत्तपत्राला संरक्षण असतं. शिवाय सार्वजनिक व्यक्तीला, वृत्तपत्राने जाणूनबुजून किंवा सत्याची पर्वा न करता खोटं छापलं, हे सिद्ध करावं लागतं.

गंमत म्हणजे हा नियम सार्वजनिक व्यक्तींना लागू झाला तो कॉलेज फुटबॉलमुळेच. १९६३ मध्ये ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ने छापलं की जॉर्जिया विद्यापीठाचे वॉली बट्स यांनी अलाबामाचे प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांना सामन्याआधी आपल्या संघाचे डावपेच फोनवर सांगितले. आधार काय? अटलांटातल्या एका विमा विक्रेत्याच्या फोनची लाईन चुकून त्या संभाषणाला जोडली गेली आणि त्याने ऐकताना टिपणं काढली. ती टिपणं मासिकाने छापण्याआधी नीट पाहिलीसुद्धा नाहीत. बट्स खटला जिंकले, तीस लाखांवर गेलेली भरपाई ४ लाख ६० हजार डॉलरवर आली, आणि १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पाच विरुद्ध चार मतांनी कायम ठेवली. इतका उघड हलगर्जीपणा असेल तरच माणूस जिंकतो, हा त्याचा दुसरा अर्थ.

बातमी खरी असेल आणि खटला नंतर रद्द झाला असेल तर? कनेक्टिकटमधल्या एका स्त्रीने हर्स्ट कंपनीविरुद्ध नेमकं हेच मांडलं: राज्याच्या कायद्याने माझी अटक ‘झालीच नाही’ असं मानलं जातं, मग बातमी खोटी नाही का? २०१५ मध्ये अपील न्यायालय म्हणालं, नाही. कायदा सरकारी नोंद पुसू शकतो, घडलेली घटना नाही.

जुनी बातमी इंटरनेटवरून काढून घेता येते का?

विनंती करता येते. क्लीव्हलंडच्या एका बातम्यांच्या संकेतस्थळाने २०१८ मध्ये, तर ‘बॉस्टन ग्लोब’ने २०२१ मध्ये, जुन्या किरकोळ बातम्यांतली नावं काढण्यासाठी अर्ज घ्यायला सुरुवात केली. जून २०२१ मध्ये असोसिएटेड प्रेस (एपी) या वृत्तसंस्थेने ठरवलं की ज्या छोट्या गुन्ह्याचा पाठपुरावा करायचा नाही, त्यात संशयिताचं नाव द्यायचं नाही.

खेळाडूला याचा फारसा उपयोग नाही. एपीचा नियम चालतो कारण सामान्य माणसाच्या बातमीत नाव गळलं तरी बातमी उरते. खेळाडूच्या बाबतीत नाव काढलं तर खाली काय राहतं? एका तरुणाने बारबाहेर दंगा केला, एवढंच. ते कोण छापणार?

नोकरीच्या बाजूने थोडा दिलासा आहे. दोषसिद्धी न झालेली अटक सात वर्षांनंतर पार्श्वभूमी तपासणाऱ्या कंपन्यांना, मोठ्या पगाराच्या जागा वगळता, अहवालात देता येत नाही. पेनसिल्व्हेनियाने २०१८ मध्ये अशा नोंदी आपोआप झाकण्याचा कायदा केला. मात्र भावी मालक अहवालाच्या आधी गूगल उघडतो, आणि गूगलला सात वर्षांची मर्यादा नाही.

आता खेळाडूंना पैसे मिळतात, त्याने काही बदललं?

जुलै २०२१ पासून त्यांना स्वतःच्या नावावर जाहिराती करता येतात, आणि २०२५ पासून विद्यापीठं थेट मानधनही देऊ शकतात. ‘अजून विद्यार्थी आहे, पोर आहे’ ही सबब त्यामुळे विरळ झाली. माजी खेळाडूंना याचा लाभ शून्य. नजर मात्र त्यांच्यावरही तितकीच.

यातून सावरलेलं कुणी आहे?

मॉरिस क्लॅरेट. २००२ च्या हंगामात ओहायो स्टेटला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा, पहिल्या वर्षात शिकणारा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू. गाडीतून चोरीला गेलेल्या वस्तूंची किंमत फुगवून सांगितल्याचा आरोप २००३ मध्ये लागला. जानेवारी २००४ मध्ये त्याने त्याहून हलका गुन्हा कबूल केला, दंड शंभर डॉलर. पण तोवर निलंबनात हंगाम गेला होता, विद्यापीठाशी उघड भांडण झालं होतं, आणि एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये लवकर शिरण्याचा त्याचा खटला मे २००४ मध्ये अपिलात फसला. २००६ मध्ये तो सशस्त्र लूटमारीत पकडला गेला आणि साडेतीन वर्षांहून जास्त आत राहिला. शंभर डॉलरच्या प्रकरणाने लूटमार घडवली असं म्हणणं बाळबोध होईल. ती त्याची करणी. सुटल्यावर तो यंगस्टाउनमध्ये मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीच्या कामात पडला. तीही बातमी येते, हंगाम सुरू व्हायच्या आधी, जागा भरायला.

आमचा मुलगा तिकडे शिकतो, खेळाडू वगैरे नाही. त्याने काळजी करावी का?

मथळ्याची नाही, व्हिसाची. २०१५ पासून दारू पिऊन गाडी चालवल्याच्या नुसत्या अटकेवरही व्हिसा रद्द होऊ शकतो, दोषी ठरायची वाट न बघता. २०२५ च्या वसंतात पोलीस नोंदींच्या आधारे हजारो परदेशी विद्यार्थ्यांची सेव्हिसमधली, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीतली, नोंद रद्द केली गेली. त्यांत वाहतुकीच्या किंवा मागे घेतलेल्या प्रकरणांतले बरेच होते, आणि भारतीयही होते. न्यायालयांत दावे पडल्यावर एप्रिलअखेर कित्येकांची नोंद परत आली. तेव्हा पोलिसांनी हातात काहीही कागद दिला, तर आधी इमिग्रेशन समजणाऱ्या वकिलाला विचारायचं आणि मगच गुन्हा कबूल करायचा. दंड भरून मोकळं होऊ, ही घाई महागात पडते.

एखाद्या प्रकरणाचा निकाल आपला आपण कसा पाहायचा?

ज्या काउंटीत गुन्हा नोंदला तिथल्या क्लर्क ऑफ कोर्टच्या संकेतस्थळावर नाव टाकून शोधा. बऱ्याच काउंट्यांत हे फुकट आहे. ‘डिस्पोझिशन’ या रकान्यात निकाल असतो. ‘डिसमिस्ड’ म्हणजे खटला रद्द. ‘नॉली प्रॉस’ म्हणजे सरकारी वकिलांनी तो पुढे चालवला नाही. ‘नो कॉन्टेस्ट’ म्हणजे गुन्हा कबूल केला नाही, पण लढलाही नाही, आणि शिक्षा होऊ शकते. नाव टाकून काहीच आलं नाही तर दोन शक्यता: काउंटी चुकली, किंवा नोंद न्यायालयाने झाकली. दुसऱ्या शक्यतेत जुनी बातमी तेवढी सापडेल, आणि ती पडताळायला मूळ कागद नसेल.